वाचकांचे प्रश्न : सीड फ्रेज सुरक्षित, तरी यूएसडीटी गायब

प्रश्न : मेटामास्क या क्रिप्टो वॉलेटमधले माझे यूएसडीटी (डॉलरशी बांधलेले टोकन) रातोरात गेले, इथर (इथेरियम ब्लॉकचेनचे मूळ चलन) मात्र आहे तसे आहे. १२ शब्दांची सीड फ्रेज (वॉलेटची मूळ किल्ली) कुणालाही दिलेली नाही. पासवर्ड बदलला, संशय होता ती साइट डिस्कनेक्ट केली. एवढे पुरे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. इथर शिल्लक आहे, यावरूनच बरेच कळते. सीड फ्रेज फुटली असती तर चोराने तेही सोडले नसते. बहुधा तुम्ही कुठेतरी ‘अप्रूव्ह’ दाबले आहे. त्या क्षणी पैसे जात नाहीत; समोरच्याला तुमचे टोकन उचलायची मुभा मिळते. रक्कम अमर्याद असेल तर तो पुढे कधीही, न विचारता उचलतो. इथरला ही मुभा लागू होत नाही. डिसेंबर २०२१मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो सेवेच्या खऱ्या साइटमध्येच असा कोड घुसवून सुमारे १२ कोटी डॉलर पळवले गेले. त्यामुळे साइट ओळखीची होती, यात दिलासा नाही.

पासवर्डने फक्त तुमच्या ब्राउझरमधले वॉलेट उघडते. डिस्कनेक्ट केल्यावर साइटला तुमचा पत्ता दिसत नाही, इतकेच. मुभा ब्लॉकचेनवर तशीच राहते. ती काढायला इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन साइटचे ‘टोकन अप्रूव्हल्स’ पान उघडा. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधल्या जाहिरातींतून नकली साइट गळ्यात पडते. वॉलेट जोडून ‘अनलिमिटेड’ नोंदी आधी रिव्होक (रद्द) करा. दर रिव्होकला गॅस (व्यवहाराचे शुल्क) लागतो, म्हणून थोडे इथर राखा. पॉलिगॉन, बीएनबी चेन अशा दुसऱ्या ब्लॉकचेन वापरत असाल तर तिथली मुभा वेगळी काढावी लागते. यापुढे ५० यूएसडीटीचा व्यवहार असेल तर अप्रूव्ह करताना खर्चमर्यादेत ५०च टाका.

खरी मेख ‘परमिट’ सहीत, म्हणजे नुसत्या सहीने दिलेल्या मुभेत आहे. यूएसडीसीसारख्या टोकनांना ती चालते. गॅस पडत नाही म्हणून लोक लॉगिन समजून सही करतात आणि चोर ती वापरेपर्यंत इथरस्कॅनवर काही दिसत नाही. लॉगिनच्या सहीत ‘स्पेंडर’, ‘व्हॅल्यू’ हे शब्द असण्याचे कारणच नाही. दिसले की नाकारा.

प्रश्न : आगाऊ फी घेऊन पैसे परत आणतो, असे टेलिग्रामवर एकजण म्हणतो. द्यावी का?

उत्तर : अजिबात नको. झालेला व्यवहार उलटवणे त्याच्या हातात नाही. १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) आणि तुमचा व चोराचा असे दोन्ही वॉलेट-पत्ते अक्षरशः कॉपी करून द्या, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एखाद्या पत्त्यावरचे यूएसडीटी गोठवू शकते. सहसा तपासयंत्रणेची मागणी लागते. चोराने त्यांचे इथर करून घेतले की तोही मार्ग बंद.