जळगाव–पुणे विमान : ३२० किलोमीटरला सव्वा तास का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की जळगाव ते पुणे हवाई अंतर किती, आणि एका साइटवर ५५ मिनिटं दिसतात तर तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ का. आईंना यावलहून पुण्याला तपासणीसाठी न्यायचंय म्हणालात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ रेषेत अंतर साधारण ३२० किलोमीटर, म्हणजे १७२ नॉटिकल मैल. अजिंठा, सिल्लोड, संभाजीनगर, नगर अशा रस्त्याने तेच ४०० च्या घरात जातं, आणि मनमाड-दौंडवरून रेल्वेने ४७० च्या आसपास.

आता मिनिटांचा घोळ. अंतर मोजणाऱ्या साइट ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग धरून भागाकार करतात आणि वर अर्धा तास मिळवतात. तो वेग जेटचा. आपल्या जळगावची धावपट्टी १७५० मीटरची. तिथे एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान येतं, आणि ते फार तर ताशी ५०० किलोमीटरने जातं. तेही मधल्या टप्प्यातच, कारण एवढ्या कमी अंतरात निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. धावपट्टीच्या ज्या टोकाकडून उतरायचं, तिकडे वळसा घ्यावा लागतो. पुण्याचं लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचा तळ; गर्दी असली की आकाशात घिरट्या आल्याच. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जळगावात जागेवरून हलल्यापासून पुण्यात जागेवर उभं राहीपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत पन्नास मिनिटं धरा. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे पुण्याहून परत येताना चार-पाच मिनिटं वाचतात.

पण तुमच्यासाठी खरा हिशोब घरापासून दवाखान्यापर्यंतचा आहे. यावलहून भुसावळ-नशिराबादमार्गे विमानतळ दीड तास धरा, तिथे दीड तास आधी पोचायचं, मग सव्वा तास विमान, आणि पुण्यात सामान घेऊन शहरात शिरायला तास-सव्वा तास. एकूण साडेपाच तास. रेल्वेत नुसत्या गाडीतच आठ-नऊ तास जातात, आणि आईंना फार वेळ बसवत नसेल तर हा फरक फार मोठा आहे. माझं मत विचाराल तर विमानानेच न्या.

धुळे, शिरपूर, चाळीसगावच्या मंडळींनी मात्र हा हिशोब उचलू नये. त्यांना आधी उलट्या दिशेने जळगावला यावं लागतं, त्यात सगळी बचत संपते.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. एटीआरला प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि पंखे पुढच्या बाजूला असतात, म्हणून आईंना मागची सीट घ्या. चालणं कमी, आवाजही कमी. विमानात चढायच्या पायऱ्या अरुंद असतात, त्यांना चढवत नसेल तर तेही आधीच कळवा.

डॉक्टरांची वेळ त्याच दिवशीची घेऊ नका. एकच विमान दिवसभर दोन-चार गावं करतं, त्यामुळे सकाळी एका ठिकाणी झालेला उशीर पुढे प्रत्येक ठिकाणी चढत जातो. आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून वेळापत्रक बदलतं, तेव्हा त्या तारखेपलीकडचं परतीचं तिकीट काढताना विमानाचे वार पुन्हा तपासून घ्या.