विंडोज टाकायची घाई नको

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझं ऑनलाइन केंद्र आहे. कॉम्प्युटर जुना, ५०० जीबीची हार्ड डिस्क. पीकविम्याचा फॉर्म भरता भरता मशीन अडकतं, निळी स्क्रीन येते. खाली 'कर्नल डेटा इनपेज एरर'. मेकॅनिकने रॅम बदलून पाहिली, आता विंडोज नवीन टाकू म्हणतो. टाकू का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नका टाकू भाऊ, निदान आज तरी. रॅम अपुरी पडली की विंडोज थोडा डेटा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं. तो परत वाचता आला नाही की हा एरर येतो. रॅमही दोषी असू शकते, पण ती बदलून झाली. आता संशय डिस्कवर आणि तिच्या केबलवर. फॉरमॅट मारला तर डेस्कटॉपवरचे सातबारे आणि पावत्या जातील (केंद्रवाले सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात, माहीत आहे).

आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) त्यानंतरच. पूर्ण तपासणीत ते अख्खी डिस्क वाचतं, मरणपंथाला लागलेली डिस्क त्यातच बसते.

मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टम. 'डिस्क' या नावापुढे ७ नंबर दिसला तर बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कचा खराब झालेला भाग, समजा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअरही लावून पाहा. त्यात ०५ आणि सी५ या ओळींच्या शेवटचा आकडा शून्य नसेल, तर डिस्कवर भरवसा नको. वाढत असेल तर बदलाच. त्या दोन्ही शून्य आणि सी७ मात्र वाढतोय, तर बहुतेक केबलचा दोष. जिनिंगजवळच्या गावात कॅबिनेट उघडलं की पंख्यावर पेळूसारखा कापूस गुंडाळलेला सापडतो. ब्रशने झाडा, साटा केबल (डिस्कपासून मदरबोर्डला जाणारी) दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवा. पिन सैल वाटली तर नवीच घ्या.

डिस्क गेलीच असेल तर अडीच इंची साटा एसएसडी त्याच केबलवर चालते. यूपीएस मात्र ठेवा. लिहिणं चालू असताना लाइन गेली की फाइल सिस्टम बिघडू शकते.

आणि कधी 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' (विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही) आलं, सोबत तारीखही मागे गेलेली दिसली, तर डिस्कला दोष देण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल उतरला की बायोसची (मदरबोर्डमधल्या प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर जाते. त्यातला साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आधी एएचसीआय होता का ते पाहून पुन्हा तसाच करा.