आधी गेज, मग पाना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ बघितला. ऑइल भरायचं झाकण काढलंय, आतून धूर फुकफुक येतोय आणि तो कळंबोलीचा मिस्त्री मागून सांगतोय, "पूरा बैक मार रहा है, फुल इंजन लगेगा." म्हणजे सिलेंडरमधला गॅस रिंगांवरून खाली उतरतोय, अख्खं इंजिन उघडून नव्याने बांधावं लागेल. खाली तू लिहिलंयस, "काका, ट्रकचे साडेसहा लाख किलोमीटर झालेत. इंजिन उघडून टाकू का?"

उघडून टाकू का म्हणजे काय रे? इंजिन म्हणजे काय नारळ आहे?

रागावलो असं समजू नकोस. तुझ्या मामाची गाडी तुझ्या गळ्यात पडली, हप्ते बाकी आहेत, भाडी धड मिळत नाहीत आणि रोज कोणी ना कोणी येऊन घाबरवून जातो, हे मला दिसतंय. पण मी तुला साधी गोष्ट विचारतो. हजार किलोमीटरला किती ऑइल टॉप-अप लागतं? इंजिन तापल्यावर स्लोला, म्हणजे रेस न देता चालू असताना, ऑइल प्रेशर किती असतं? सहा सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, कोणी बघितलंय? तीनपैकी एकाचंही उत्तर तुझ्याकडे नाही. तुझ्याकडे एक व्हिडिओ आहे आणि भीती आहे. एवढ्या भांडवलावर लाखभराचं काम काढायचं नसतं. आधी गेज, मग पाना. म्हणजे आधी मोजायचं, मग खोलायचं. हे वाक्य मी या पत्रात परत परत लिहिणार आहे, कंटाळलास तरी वाच.

तुझ्या टाटा 3118 ट्रकला 6बीटी इंजिन आहे, कमिन्सचं 5.9 लिटरचं. या इंजिनाला लायनर, म्हणजे सिलेंडरमध्ये बसवलेल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नसतात. पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो, 102 मिलिमीटरच्या बोअरमध्ये. लायनरच्या इंजिनात जुना लायनर काढला, नवा ठोकला, ब्लॉक तसाच राहिला. इथे तसं नाही. बोअर करायचा म्हणजे ब्लॉकच खरवडायचा. पहिल्यांदा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ, दुसऱ्यांदा एक मिलिमीटर, संपलं. त्यानंतर स्लीव्ह घालून दिवस काढायचे. म्हणजे या इंजिनाकडे मोजून दोन आयुष्यं शिल्लक आहेत आणि तू त्यातलं एक कोणाच्या तरी अंदाजावर खर्च करायला निघालायस. तुझ्या मामाने दहा वर्षं याच्या हेडला हात लागू दिला नाही. कारखान्यात जी सिटिंग झाली ती अजून शाबूत आहे. एकदा चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, उतरलं, क्रँक घासून आली, बेअरिंग कुठल्या तरी डब्यातली पडली, की ते इंजिन आपल्या गॅरेजमधलं होतं. चांगलं बांधलं तर चालतंही, मी नाही म्हणत नाही. पण पहिल्या बांधणीची सर त्याला क्वचित येते.

आता त्या धुराबद्दल. झाकण काढल्यावर थोडा धूर प्रत्येक डिझेल इंजिनात येतो. रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या गाडीतसुद्धा. किती येतो, हा प्रश्न आहे. आणि तुझ्या मिस्त्रीने विचारलाच नाही असा दुसरा प्रश्न म्हणजे येतो कुठून.

ट्रकच्या इंजिनावर ब्रेकची हवा भरायला कॉम्प्रेसर बसलेला असतो. त्यालाही पिस्टन आहे, रिंगा आहेत आणि त्याचं ऑइल इंजिनातूनच जातं-येतं. त्याच्या रिंगा गेल्या की हवा खाली उतरते, क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, शिरते आणि ब्रिदरमधून, म्हणजे तिथली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडते. बघणाऱ्याला वाटतं, इंजिन बॅक मारतंय. इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोचंही तसंच. सील गेला की सायलेन्सरकडचा गॅस ऑइलच्या परतीच्या पाइपातून खाली येतो. दोन्हीत इंजिनाच्या रिंगा ठणठणीत असू शकतात.

म्हणून उद्या सकाळी हे कर. गाडी सपाटीवर लाव, चाकांना पुढूनमागून लाकडी ओंडके दे. एअर टँकचा कॉक उघड आणि खाली पांढरा पुठ्ठा धर. थोडं पाणी पडेल, ते चालतं. काळं, चिकट ऑइल पडलं तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय. मग इंजिन तापव, रेस देऊन ब्रिदर बघ. आता इंजिन बंद करून कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाइप सोड, म्हणजे हवा टँकला न जाता मोकळी जाईल. पुन्हा चालू कर, तेवढीच रेस दे, पुन्हा बघ. धूर नुसत्या डोळ्यांनीही कमी झालेला दिसला, तर दोषी सापडला. त्याचं किट टाकायला किती लागतात आणि फुल इंजिनला किती, ते तूच तुझ्या मिस्त्रीला विचार. पाइप सुटलेला असताना गाडीला ब्रेक नसतो हे विसरू नकोस, आणि क्लीनरला केबिनमध्ये बसून गिअरशी खेळू देऊ नकोस.

धूर तेवढाच राहिला, तरीही उघडायचं नाही. माझ्याकडे मॅनोमीटर आहे, ब्रिदरला लावून प्रेशर मोजू. मग डिझेल फवारणारी नोझल काढून सहाही सिलेंडरचं कॉम्प्रेशन घेऊ. एकच सिलेंडर खाली असेल तर गोष्ट वेगळी, सहाही सारखे खाली असतील तर वेगळी. ऑइल प्रेशर डॅशबोर्डच्या काट्यावर बघायचं नाही, तो काटा थापाड्या असतो. ब्लॉकला मेकॅनिकल गेज लावायचं. कमिन्सचा हिशेब सरळ आहे: तापलेल्या इंजिनाला स्लोला किमान 10 पीएसआय, पूर्ण आरपीएमला किमान 30. त्याच्या वर असशील तर बेअरिंगच्या नावाने रडू नकोस.

साडेसहा लाखांचंही सांगतो, कारण तू ते असं लिहिलंयस की जणू डॉक्टरांनी तारीख दिली आहे. किलोमीटर हे इंजिनाचं वय नव्हे. मुंबईहून दिल्लीला जाणारी गाडी भिवंडीला एकदा तापते ती जवळपास चौदाशे किलोमीटर तापलेलीच राहते. न्हावा शेवाच्या रांगेत उभी असलेली गाडी कंटेनरची वाट बघत तासन् तास स्लोवर गुरगुरत असते. मीटर हलत नाही, पण अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांवर काजळी धरतं आणि ऑइल पातळ करतं. त्या गाडीचे चार लाख दिल्लीवाल्याच्या आठ लाखांना भारी पडतात. वय मोजायचंच असेल तर किती डिझेल जाळलं ते मोज. मामाच्या पंपाच्या पावत्या असतील, सगळ्या जुळव. मीटरची केबल तुटलेली असते, मीटर बदललेला असतो, डिझेलचं बिल मात्र कोणी फुकट भरत नाही.

आणि ते अमेरिकन ट्रकचे फॉरवर्ड मला पाठवू नकोस. तिकडे दहा लाख मैल, म्हणजे सोळा लाख किलोमीटर, इंजिन न उघडता होतात, हे खरं आहे. पण तिथे गाडी भरून कायद्याने 36 टन, आणि ओढायला तेरा-पंधरा लिटरचं इंजिन. तुझं 5.9 लिटरचं इंजिन 31 टन घेऊन कसारा चढतं. त्या बिचाऱ्याने साडेसहा लाख केले, त्याचं कौतुक कर. ग्रीसच्या एका टॅक्सीवाल्याची 1976 ची मर्सिडीज 240डी डिझेल 46 लाख किलोमीटर चालली आणि 2004 मध्ये कंपनीच्या म्युझियममध्ये गेली, हेही सगळ्यांना पाठ असतं. त्याने इंजिनं आलटूनपालटून वापरली, हे मात्र कोणी पाठवत नाही.

माझं ऐकायचं की नाही, ते तू ठरव. मी ज्या ट्रान्सपोर्टमध्ये फोरमन होतो, तिथे मालकाच्या मुलाने एकदा ठरवलं की पाच लाख झालेली प्रत्येक गाडी उघडायची. स्पेअरवाल्याशी घाऊक दर बोलून झाला होता. मी म्हटलं, आधी गेज लावतो, ज्या गाडीचे आकडे खराब येतील तीच उघडू. तो म्हणाला, "तुम्ही जुन्या काळातले, तुम्हाला जोखीम कळत नाही." जोखीम मलाच कळत होती. चालतं इंजिन उघडणं हीच सगळ्यात मोठी जोखीम. मी कागदावर सही केली नाही आणि मग तिथे राहिलोही नाही. घरी बरंच ऐकून घेतलं. अजून वडाळ्याला कोणी भेटला की म्हणतो, "तुम्ही थोडं नमतं घेतलं असतं तर मॅनेजर झाला असतात." असतो. आणि रोज चालत्या इंजिनांवर सही ठोकत बसलो असतो.

खंत एकाच गोष्टीची आहे. माझ्या हाताखालचं एक इंजिन न उघडता दहा लाखांच्या घरात आलं होतं. प्रत्येक ऑइल बदलीला मी त्याचा नमुना लॅबला पाठवायचो, झिजेतून येणाऱ्या लोखंडाचा आकडा असा सपाट की बघत राहावं. मी निघालो आणि त्या लोकांनी ते गाडीसकट विकलं. पुढे त्याचं काय झालं, मला कळलं नाही.

ऑइलचा नमुना तूही पाठव. गरम इंजिनातून, निचरा अर्ध्यावर आल्यावर मधल्या धारेतला घ्यायचा, तळाचा गाळ नाही. रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलेला असेल तर धूळ आत शिरतेय. सोडियम वाढला तर कूलंट उतरतोय. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंगकडे बघ. जुना ऑइल फिल्टर फेकायच्या आधी कापून बघायची सवय लाव. हॅकसॉने नको, त्याचा चुरा आत पडतो आणि तूच घाबरतोस. कटरने काप, कागदाच्या घड्या उन्हात पसर, मॅग्नेट फिरव. नुसतं काळं असेल तर सोडून दे. चमचम दिसली तर मला फोटो पाठव, व्हिडिओ नको.

त्या क्लीनरला सांग, एअर फिल्टर टायरवर आपटायचा नाही. इंजिन मारण्यात धुळीइतकं कोणी पटाईत नाही, आणि आपटलेल्या फिल्टरचा कागद फाटतो तो दिसतही नाही. फिल्टरनंतरच्या रबरी होजमध्ये आतून बोट फिरव. बोटाला धूळ लागली तर क्लिप सैल आहे किंवा होज चिरलाय, आणि ती धूळ थेट बोअरमध्ये जातेय. एप्रिल 2020 पासून देशभर डिझेलमधलं गंधक 10 पीपीएमवर आलंय, त्यामुळे ऑइलमध्ये आम्ल पूर्वीसारखं होत नाही. धूळ तेवढीच आहे, उलट उरणच्या रस्त्यावर जास्तच.

आणि थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा. मामाच्या गाडीत आहे की कोणी "मुंबईच्या गरमीत कशाला" म्हणून काढून टाकलाय? काढला असेल तर आधी बसव. थंड चालणारं इंजिन जास्त झिजतं, डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि मग लोक म्हणतात रिंगा गेल्या. गाडी तापत असेल तर रेडिएटर बघायचा असतो, बोअरवेलचं पाणी भरून भरून त्यात खार धरलेला असतो.

हे सगळं करूनही आकडे वाईट आले, सहाही सिलेंडर खाली, ऑइल खाणं महिन्यागणिक वाढतंय, गरम स्लोला प्रेशर दहाच्या खाली, तर एक दिवस थांबू नकोस. तेव्हा उघड. पण तेव्हाही "हाफ इंजिन करून देतो, नुसत्या रिंगा टाकतो" याला भुलू नकोस. बोअर वर झिजलेला आणि खाली नाही अशा सिलेंडरमध्ये नव्या रिंगा बसत नाहीत, थोड्याच दिवसांत परत धूर. आधी बोअर गेजने वर-मध्ये-खाली माप, आडवं-उभं माप, कागदावर लिहून घे आणि मग ठरव अर्धा ओव्हरसाइझ लागतो की नुसतं होनिंग, म्हणजे बोअर घासून घेणं, पुरतं. म्हणजे इंजिन उघडल्यावरही आधी गेज, मग पाना. मिस्त्री कंटाळेल. कंटाळू दे, गाडी तुझी आहे.

तोवर भाडं सोडू नकोस. ऑइलची पट्टी रोज सकाळी गाडी थंड असताना बघ, त्याच जागी उभी करून, आणि किती टाकलं ते वहीत लिही. टर्बोची गाडी आहे, घाट चढून आल्यावर तीन-चार मिनिटं स्लोला चालू देऊन मग बंद कर, ड्रायव्हरला हे बजाव. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कधी सेट केलेत ते मामीला विचार, त्यांच्याकडे जुनी वही असेल. थंड इंजिनाला इनटेक 0.25, एक्झॉस्ट 0.50 मिलिमीटर.

शनिवारी गाडी रिकामी होऊन तुर्भ्याकडे येत असेल तर फोन कर. मॅनोमीटर आणि ऑइल प्रेशरचं गेज घेऊन मीच येतो. कॉम्प्रेशन गेजचा 6बीटीचा अॅडॉप्टर मात्र कुठून तरी मागवावा लागेल, माझा कोणी तरी नेला तो परत आलेला नाही. मिस्त्रीलाही बोलाव. त्याच्यासमोरच आकडे घेऊ.

तुझा,
काका

ता. क. टँकचा कॉक उघडल्यावर पुठ्ठ्यावर काय पडलं ते उद्याच कळव, शनिवारपर्यंत थांबू नकोस.