वाचक विचारतात : ज्वारी सुरू केली, तरी काटा का हलत नाही?

प्रश्न : वय 44, उंची 5 फूट 4 इंच, वजन 82 किलो. ‘लो जीआय’ खाल्ल्यानं वजन उतरतं असं ऐकून गव्हाची पोळी बंद केली. आता दोन्ही वेळ ज्वारीच्या तीन-तीन भाकरी, सोबत चून (बेसनाचं पिठलं) नाहीतर वांग्याची भाजी. मधल्या वेळी फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि गूळ. तीन महिने झाले, वजन तेवढंच. चुकतं कुठे? (एक वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर : धान्य बरोबर निवडलं, माप चुकलं. ग्लायसेमिक निर्देशांक (जीआय) एवढंच सांगतो, की एखाद्या पदार्थातून 50 ग्रॅम पचणारं पिष्ट पोटात गेलं तर पुढच्या दोन तासांत रक्तातली साखर ग्लुकोजच्या मानानं किती चढते. ग्लुकोज 100 धरलं तर 55 पर्यंत कमी, 56 ते 69 मध्यम आणि 70 पासून पुढे जास्त. 1981 मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, ती मधुमेहींचा आहार ठरवायला. पदार्थात कॅलरी किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. फल्लीदाण्यांचा निर्देशांक 20 च्याही खाली आहे, पण 100 ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी भरतात.

आता तुमचं ताट बघू. गावाकडची हातावर थापलेली भाकर सहज 75 ग्रॅम पिठाची होते, म्हणजे एकीच्या सुमारे 260 कॅलरी. सहा भाकरींचे दीड हजार तिथेच झाले. चुनावर मोठे दोन चमचे तेल पडलं तर त्याचे जवळपास अडीचशे वेगळे. बेसन कमी निर्देशांकाचंच आहे, वाढवते ती वरची तर्री. गुळाबद्दलचा समजही सोडा, त्याचा निर्देशांक साखरेपेक्षा कमी नाही.

एक दिवस किराणा दुकानाच्या काट्यावर 50 ग्रॅम पीठ तोलून घ्या आणि घरच्या वाटीत ते कुठवर येतं तिथे खूण करा. तेवढ्याची एक, अशा एका वेळी दोनच भाकरी. चक्कीवाल्याला दळण जाडसर ठेवायला सांगा. ज्वारीच्या बारीक पिठाची भाकर बऱ्याचदा मध्यम गटात, कधी त्याच्याही वर जाते, कारण पीठ जितकं बारीक तितकं ते लवकर पचतं. तीन वाट्या ज्वारीला एक वाटी हरभऱ्याचं पीठ मिसळलं तर निर्देशांक उतरतो आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. बेसन याहून वाढवलं की पीठ हाताला चिकटतं आणि भाकर थापता येत नाही. पाणी कढत घ्या, ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो.

दोन भाकरींवर पोट भरायचं तर बाकी ताट मोठं हवं : घट्ट वरण किंवा मोटाची (मटकीची) उसळ एक मोठी वाटी, अंबाडी, चिवळ, ढेमसे, दोडके यांतली भाजी दोन वाट्या, आणि ताक. आधी भाजी-वरण खा, भाकर मागून. त्यानं जेवणानंतरची साखर हळू चढते. माणशी दिवसाला तीन-चार लहान चमचे तेल पुरे. दाणे मूठभरच, 25 ग्रॅमच्या आत. त्याऐवजी फुटाणे किंवा घुगऱ्या चालतील. निंदण-वेचणीच्या दिवसांत एक भाकर वाढवा, नाहीतर दुपारी चक्कर येईल आणि रात्री दुप्पट जेवाल. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. पोटाचा घेरही मोजत चला : पुरुषांचा 90 सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा 80 च्या.

प्रश्न : आमच्या घरी धानच पिकतं, भाताशिवाय जेवण होत नाही. शिळा भात खाल्ल्यानं वजन कमी होतं, हे खरं का? (वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : थोडं खरं आहे. शिजलेला भात थंड झाला की त्यातल्या काही पिष्टाची घडण बदलते आणि ते लहान आतड्यात पचत नाही. पण हा फरक माफक आहे. त्यासाठी भात रात्रभर चुलीजवळ झाकून ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यात जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही मरत नाही, मग उलट्या सुरू होतात. तासाभरात निववून फ्रीजमध्ये ठेवता येत असेल तरच हा प्रयोग करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे धान भरडायला नेताना काही पोती उष्णा (धान सालासकट उकडून, वाळवून भरडलेला तांदूळ) करून आणा. त्याच तांदळाचा उष्णा साध्या पांढऱ्यापेक्षा सहसा कमी निर्देशांकाचा असतो. एका वेळी कोरडा तांदूळ 50 ग्रॅम घ्या आणि भाताइतकंच घट्ट वरण वाढा. भात गिचका करू नका, जास्त शिजला की साखर लवकर चढते.

प्रश्न : सोमवार आणि चतुर्थीचा उपास असतो. साबुदाण्याची उसळ चालेल का? (वर्धा)

उत्तर : नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तेल आणि दाणे. रताळं खा, पण उकडून. भाजलं की त्याचाच निर्देशांक बराच वर जातो. सोबत दही घ्या.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी सुरू आहे. त्यांनाही हाच आहार द्यावा का?

उत्तर : भाकरी-भात एकदम निम्म्यावर आणू नका. आधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. गोळी तेवढीच आणि पिष्ट अर्धं झालं, तर रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हाताला कंप, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात घोळून द्या. अशा वेळी फुटाणे किंवा दूध देऊ नका, हळू चढणारं अन्न इथे उपयोगाचं नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, साखर कमीच असेल तर तेवढीच परत द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

प्रश्न : टरबुजाचा निर्देशांक जास्त आहे म्हणे. उन्हाळ्यात बंद करावं का?

उत्तर : गरज नाही. निर्देशांक 70 च्या वर असला तरी 120 ग्रॅम फोडींत पिष्ट-साखर जेमतेम 9 ग्रॅम. 72 गुणिले 9 भागिले 100, म्हणजे ग्लायसेमिक भार (निर्देशांक आणि पिष्ट-साखरेचं माप दोन्ही धरून काढलेला आकडा) साडेसहाच. 10 पर्यंत तो कमीच धरतात. फोडी खा, साखर घालून रस काढू नका.