प्रश्न तुमचे : उबुंटू टाकलं आणि स्क्रीन काळी झाली

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं मशीन विंडोज ११ घेत नाही, म्हणून विंडोजच्या शेजारी लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम; उबुंटू, मिंट हे तिचेच प्रकार) टाकून बघू, असं ठरवलेल्या वाचकांचे हे प्रश्न. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडली आहे, ते म्हणजे स्क्रीन. कमांड उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. वेगळं सांगितलं नसेल तर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०. पेनड्राइव्हवरून उबुंटू २४.०४ सुरू केलं. मेनू येतो, पहिला पर्याय निवडला की लोगो क्षणभर दिसतो आणि स्क्रीन काळी. पंखा फिरत राहतो. पेनड्राइव्ह तीनदा नव्याने बनवला. लॅपटॉप खराब झाला का?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, राजारामपुरी

लॅपटॉप ठणठणीत आहे आणि पेनड्राइव्हही. मेनू दिसेपर्यंतचं चित्र मदरबोर्डवरचं फर्मवेअर (चिपमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) काढत असतं. पर्याय निवडल्यावर लिनक्सचं कर्नल (सिस्टीमचा गाभा) ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या ताब्यात घेतं. एनव्हिडियासाठी त्याच्याकडे नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) असतो. नव्या कार्डांना कंपनीने सही केलेलं फर्मवेअर लागतं आणि नूवोचं त्याच्याशी जुळलं नाही, की या हस्तांतरातच चित्र हरवतं. आत काम चालू असतं, ते स्क्रीनवर उमटत नाही एवढंच.

बटण दाबून बंद करण्याआधी तीन गोष्टी बघा. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी मारा. पुसट चित्र दिसलं तर ड्रायव्हर चालतोय, फक्त मागचा दिवा शून्यावर आहे. ब्राइटनेस वाढवायचं बटण दाबून बघा. दुसरं, कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर कर्नल जिवंत आहे, ढिम्म राहिला तर मशीन गोठलं. तिसरं, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन आलं, तर बिघाड डेस्कटॉपमध्ये (खिडक्या आणि चिन्हं दाखवणाऱ्या भागात) आहे, त्याच्या खाली नाही.

मशीन गोठलं असेल तर पुन्हा सुरू करून मेनूतला दुसरा, ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय घ्या. तो नसेल तर पहिल्या पर्यायावर थांबून इंग्रजी ‘ई’ दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात शेवटाकडे तीन डॅश दिसतील. त्या डॅशच्या आधी जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा (नो, मोड, सेट, तिन्ही शब्द जोडून) आणि एफ१० दाबा. डॅशनंतर लिहिलेलं इन्स्टॉलर नव्या सिस्टीममध्येही उतरवतो, आणि ते आपल्याला नको आहे. का, ते पुढच्या उत्तरात.

नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं, की कार्डाला हात लावू नकोस, फर्मवेअरने दिलेल्या चित्रावरच भागव. स्क्रीन ओबडधोबड दिसेल, पण इन्स्टॉलेशन पार पडेल. वाटेत ग्राफिक्स आणि वायफायसाठी ‘थर्ड-पार्टी सॉफ्टवेअर’ बसवायचं का, असं विचारतात तिथे टिक करा. इंटरनेट जोडलेलं हवं. ते राहिलं तर पहिल्या बूटला ग्रबमध्ये (सुरुवातीला सिस्टीम निवडायला देणाऱ्या मेनूत) पुन्हा हाताने नोमोडसेट लिहून आत शिरा, ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मधला ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ टॅब उघडा आणि ज्यापुढे ‘टेस्टेड’ लिहिलंय तो ड्रायव्हर घ्या. यादीत काही नावांपुढे ‘ओपन’ असतं. आरटीएक्स ५० मालिकेला ओपनच लागतो; जीटीएक्स १० आणि त्याआधीच्या कार्डांना तो चालत नाही. तुमच्या ३०५० ला दोन्ही चालतात.

आता सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय. ते चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. म्हणून इन्स्टॉलर कधी कधी एक पासवर्ड ठरवायला लावतो आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते : ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’. इथे दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबावी लागते. मग ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, तो पासवर्ड आणि ‘रीबूट’. चहा ओतायला गेलात तर स्क्रीन निघून जाते, ड्रायव्हर बसलेला असूनही चढत नाही आणि सगळं पुन्हा भोपळ्याएवढं दिसतं. तसं झालंच तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ चालवा, नवा पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा आणि यावेळी जागेवर बसा.

‘त्यापेक्षा सिक्युअर बूटच बंद कर’ असं कोणीतरी सांगेलच. चालतं, पण आधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की टीपीएम चिप डिस्कची किल्ली देत नाही आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसला (मदरबोर्डच्या सेटिंग्जना) हात लावण्याआधी कागदावर उतरवा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका.

सिनिअर मित्राने ‘नोमोडसेट टाक’ म्हणून सांगितलं, टाकलं, उबुंटू बसलं. पण रिझोल्यूशन १०२४×७६८ च्या वर जात नाही, ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत आणि एचडीएमआयला लावलेला मॉनिटर दिसतच नाही. ड्रायव्हर तर टाकलाय!
– वाचक, जयसिंगपूर

मित्राने अर्धंच सांगितलं. नोमोडसेट ही कुबडी आहे. पाय बरा झाल्यावर ती काढायची असते. तो शब्द असेपर्यंत इंटेल किंवा एएमडीचा अंगभूत ड्रायव्हरही कामाला लागत नाही, आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन व ब्राइटनेस बहुधा त्याच्याच हातात असतात. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं, त्यामुळे तिथला ड्रायव्हर चढला नाही तर बाहेरचा मॉनिटर कसा दिसणार?

आधी खात्री करा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ आणि त्यापुढे जागा सोडून ‘डॅश के’ लिहा. लांबलचक यादीत ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’च्या ओळी शोधा. त्यांच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असायला हवं : इंटेलसाठी आय९१५ (नव्या चिपांवर एक्सई), एएमडीसाठी एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठी एनव्हिडिया. ही ओळच गायब असेल तर ड्रायव्हर चढलेला नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम डीटेल्स’खाली ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसत असेल, तर चित्र रंगवण्याचं काम प्रोसेसर एकटा करतोय. पंखा ओरडतो तो त्यामुळे.

उपाय दोन मिनिटांचा. ‘सुडो नॅनो’ने ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब या मार्गावरची (प्रत्येक शब्दाआधी तिरकी रेघ) फाइल उघडा. ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी असतात, दोन्हींत बघा आणि नोमोडसेट एवढाच शब्द खोडा. अवतरणचिन्हं राहू द्या. एक जरी उडालं तरी पुढची कमांड चूक दाखवते. सेव्ह करून ‘सुडो अपडेट-ग्रब’, मग रीस्टार्ट. ही कमांड विसरलात तर फाइल बदललेली असते, मेनू मात्र जुनाच राहतो. निम्म्या तक्रारी इथल्याच.

शब्द काढल्यावर लॅपटॉपची स्क्रीन थरथरायला लागली आणि ग्राफिक्स इंटेलचं असेल, तर त्याच ओळीत ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ घालून बघा. स्थिर चित्राला वीज वाचवण्यासाठी पॅनेल स्वतःच्या मेमरीतून चित्र दाखवतं, ती सोय यामुळे बंद होते. बॅटरी किंचित जास्त जाते.

दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ च्या जोडीला लिनक्स मिंट टाकलं. विंडोज नीट दिसते. मिंट सुरू झालं की १९ इंची मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी फिरते. केबल व्हीजीए आहे, मध्ये दोन पीसींसाठीचा स्विच आहे.
– दुकानदार, शाहूपुरी

पाटी काय म्हणते ते नीट वाचलंत, हे चांगलं केलंत. ‘नो सिग्नल’ असतं तर तार किंवा पोर्ट तपासायला सांगितलं असतं. ‘आउट ऑफ रेंज’ म्हणजे सिग्नल येतोय, पण मॉनिटरला झेपणार नाही अशा वारंवारतेचा.

मॉनिटर आपली कुवत ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटच्या माहितीतून पीसीला सांगतो. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना त्यासाठी असतात. स्वस्तातल्या केबलमध्ये आणि साध्या स्विचमध्ये या तारा जोडलेल्याच नसतात. विंडोजने एकदा हाताने ठरवलेलं रिझोल्यूशन लक्षात ठेवलंय. नव्या मिंटला ते कोण सांगणार? ते अंदाजाने काहीतरी पाठवतं. केबलच्या टोकात ९ नंबरची पिन दिसली नाही तर घाबरू नका, ती कित्येक केबलींत मुळातच नसते. १२ किंवा १५ तुटलेली किंवा वाकलेली असेल तर मात्र केबल बदला.

पहिला प्रयोग फुकटातला : स्विच बाजूला काढून मॉनिटर थेट पीसीला जोडा आणि रीस्टार्ट करा. चित्र आलं तर चोर सापडला. स्विच ठेवायचाच असेल तर वर सांगितलेल्या ग्रबच्या फाइलीतल्या त्याच ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत, रिझोल्यूशन ठोकून द्या : ‘व्हिडिओ=व्हीजीए-१:’, त्याला लागून १४४०, मग इंग्रजी एक्स, ९००, ‘@६०’ आणि शेवटी इंग्रजी ‘ई’. ‘व्हीजीए’ एवढं मोठ्या अक्षरांत, बाकी लहान, आकडे इंग्रजी, मध्ये कुठेही जागा नाही. शेवटचं ‘ई’ महत्त्वाचं. मॉनिटरने ओळख दिली नाही तरी पोर्ट चालूच ठेव, असा त्याचा अर्थ. १९ इंची रुंद मॉनिटरला साधारण १४४०×९०० असतं. तुमचा चौकोनी असेल तर १२८०×१०२४ लिहा. नंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ करायचंच.

विंडोज ७ ला २०२० पासून सुरक्षा अपडेट नाहीत. तिच्यावर बँकेचं काम करू नका, ते मिंटमधून करा.

वर्कशॉपमधल्या जुन्या पीसीत दुसरी हार्डडिस्क लावून लिनक्ससीएनसी टाकलंय, पॅरलल पोर्टवरून छोटं राउटर (कटरने कोरणारं मशीन) चालवतो. स्क्रीन भुरकट होती म्हणून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला. स्क्रीन झक्कास झाली, पण आता ‘अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले’ येतं आणि मोटर मध्येच अडखळते. काय भानगड आहे?
– वर्कशॉपचालक, शिरोली एमआयडीसी

स्क्रीन सुधारली, पण त्या नादात मशीनचा ताल गेला. पॅरलल पोर्टवरून स्टेपर मोटर चालवताना प्रत्येक पल्स पीसीच वेळेवर सोडत असतो. पल्स सोडण्याचं हे आवर्तन, म्हणजे बेस थ्रेड, २५ मायक्रोसेकंदांचा धरला तर सेकंदाला ४० हजार वेळा त्याला हजर राहावं लागतं. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसर अडवून धरतो. ऑफिसच्या कामात ते कळणारही नाही. इथे मात्र पल्स चुकते, जॉब सरकतो आणि कटर भलतीकडे जातो.

तो ड्रायव्हर काढा. मदरबोर्डला इंटेलचं ग्राफिक्स असेल तर कार्डच उपसून ठेवा आणि मॉनिटर बोर्डच्या पोर्टला लावा. मग ‘लेटन्सी-टेस्ट’ चालवा आणि तिला जरा छळा : ‘जीएलएक्सगिअर्स’च्या दोन-तीन खिडक्या उघडा, मोठी फाइल कॉपी करा, खिडक्या इकडेतिकडे ओढा. निदान पाच मिनिटं हे चालू द्या आणि बेस थ्रेडचा ‘मॅक्स जिटर’ (वेळ जास्तीत जास्त किती चुकली तो आकडा) वाचा. तो नॅनोसेकंदांत असतो. १५ ते २० हजारांच्या आत असेल तर उत्तम. ३० ते ५० हजार असेल तर चालेल, पण वेग आवरता घ्यावा लागेल. एक लाखाच्या वर गेला तर त्या पीसीवर पॅरलल पोर्टचा नाद सोडा. आकडा थोडक्यात हुकत असेल तर बायोसमध्ये हायपर-थ्रेडिंग आणि सी-स्टेट्स, स्पीडस्टेप अशा वीज वाचवणाऱ्या सोयी बंद करून पुन्हा मोजा. चाचणी होईपर्यंत स्पिंडल बंद आणि मोटरचा सप्लाय काढलेला.

राउटरच्या स्क्रीनला १०२४×७६८ पुष्कळ झालं. डिझाइनचं काम करायचं असेल तर ते दुसऱ्या पीसीवर करा.

उबुंटू छान चाललंय, पण सुरू होताना विंडोजचा पर्याय येत नाही. बायोसमधून विंडोजमध्ये गेलो तर घड्याळ साडेपाच तास मागे!
– वाचक, गडहिंग्लज

ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टीम शोधण्याचं काम मुळात बंद ठेवलेलं असतं. वरच्याच फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ घाला (बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं मोठ्या अक्षरांत) आणि अपडेट-ग्रब करा. मेनूच दिसत नसेल तर मशीन सुरू होताना एस्केप एकदाच दाबा. दोनदा दाबलं तर नुसती ग्रबची ओळ येते, तिथे ‘नॉर्मल’ लिहून एंटर करा.

लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ केलं की दोघांचं जमतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर तिची ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही.

छापखान्याच्या जुन्या मराठी फाइली लिनक्समध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. हाही डिस्प्लेचाच बिघाड का?
– डीटीपी ऑपरेटर, लक्ष्मीपुरी

नाही, ग्राफिक्सचा इथे संबंध नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे कोडच साठवलेले असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नाही म्हणून नुसते कोड दिसतात. फॉन्टचा परवाना तुमच्याकडे असेल तर त्याची टीटीएफ फाइल होम फोल्डरमध्ये ‘.फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर करून (सुरुवातीच्या टिंबासकट) त्यात टाका, ‘एफसी-कॅश -एफ’ चालवा आणि फाइल बंद करून पुन्हा उघडा. नव्या कामाला मात्र युनिकोडच वापरा.