तरंगणाऱ्या पेशी फेकू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सिनॉप्सिस वाचला. पहिल्याच पानावर ऑन्कोजीन (कॅन्सर घडवणारा जनुक) म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ट्यूमर सप्रेसर (कॅन्सर रोखणारा जनुक) म्हणजे ब्रेक, असं लिहिलं आहेस. ते काढून टाक. शाळेतल्या व्याख्यानात खपून जाईल, पण त्या चित्रात पेशीच्या मरणाला जागाच नाही, आणि तुझा विषय तर तोच आहे.

बीसीएल-२ या जनुकाची हकिगत मूळ पेपरमधून वाच. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्या सांध्यावर हा जनुक सापडला. कॅन्सरमध्ये सापडला म्हणजे पेशी वाढवत असणार, असंच तेव्हा कुणालाही वाटलं असतं. मेलबर्नला सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांच्या गटाने तो आयएल-३ या संकेत-प्रथिनावर जगणाऱ्या पेशींत घातला आणि मग आयएल-३ काढून घेतलं. एरवी अशा पेशी मरतात. या मेल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत; विभाजन थांबवून नुसत्या टिकून राहिल्या. हे १९८८ मध्ये छापून आलं. उलट मिक हा जनुक पेशीला विभाजनाला जुंपतो आणि त्याच वेळी तिला मरणाकडेही ढकलतो. म्हणून ही दोघं एकत्र आली की घात होतो: एक पेशी वाढवतो, दुसरा तिला मरू देत नाही.

आता तुझ्या तक्त्याकडे बघ. सगळीकडे ४८ तासांचा एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी जो रंग तयार करतात तो मोजण्याची चाचणी. रंग फिका पडला की तू ‘पेशी मेल्या’ लिहितेस. विभाजन मंदावलं तरी रंग फिका पडतो, पेशीची चयापचय क्रिया सुस्तावली तरी पडतो. सोबत मरणाऱ्या पेशी दाखवणारे ॲनेक्सिन-व्ही आणि पीआय लावून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) बघ, पेशीमरणात काम करणाऱ्या कॅस्पेस-३ चा तुटलेला तुकडा वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) दाखव, ईडीयूने (नव्या डीएनएत शिरणाऱ्या रसायनाने) विभाजन वेगळं मोज. आणि मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना तरंगणाऱ्या पेशी ओढून फेकू नकोस. त्याच तर मेलेल्या असतात! त्या गोळा करून चिकटलेल्यांत मिसळ आणि मगच मोज. हे प्रोटोकॉलमध्ये बरेचदा लिहिलेलं नसतं.

दुसरा मुद्दा हेला पेशींचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या त्या कॅन्सर पेशींचा. ‘पी५३ (एक ट्यूमर सप्रेसर) शाबूत’ म्हणून त्या निवडल्यास. जनुक शाबूत आहे, खरं. पण त्या पेशींत एचपीव्ही-१८ या विषाणूचे जनुक आहेत. त्याचं ई६ प्रथिन पी५३ ला मोडीत काढायला लावतं आणि ई७ हे आरबी या दुसऱ्या ट्यूमर सप्रेसरला निकामी करतं. नुसता सिक्वेन्स बघून हे कधीच कळणार नाही. पी५३ बद्दल घाईने मत बनवणं जुनंच आहे म्हणा: १९७९ मध्ये ते सापडलं आणि जवळजवळ दहा वर्षं ऑन्कोजीन समजलं गेलं, कारण हाती आलेले त्या जनुकाचे बरेच क्लोन (प्रती) मुळात बिघडलेले होते. तू एचसीटी११६ या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींची जोडी मागव, पी५३ असलेली आणि काढून टाकलेली. तुलना स्वच्छ होईल.

‘याचा रुग्णाला काय उपयोग’ असं समितीत कुणीतरी विचारेलच. व्हेनेटोक्लॅक्स सांग. बीसीएल-२ लाच अडवणाऱ्या या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. पेशी इतक्या झपाट्याने मरतात की त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांनी रुग्णच धोक्यात येऊ नये म्हणून सुरुवात २० मिलिग्रॅमने करून डोस दर आठवड्याला वाढवत ४०० पर्यंत नेतात.

सुधारलेला आराखडा समितीच्या आधी माझ्याकडे पाठव. ॲनेक्सिनचे कंट्रोल (तुलनेचे नमुने) लावायला विसरू नकोस. रंग न दिलेल्या पेशीही त्यात धर.

तुझे सर