महिना झाला तरी मुलं बोलत नाहीत: नव्या सरांना उत्तर

सर, तुम्ही पुण्यातून आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी भागातल्या शाळेवर रुजू झालात, महिना उलटला, तरी मुलं तोंड उघडत नाहीत असं म्हणता. या भागात माझी बरीच नोकरी झाली, म्हणून लिहितो.

आधी ‘आदिवासी मुलं’ असा एकच गठ्ठा बांधू नका. वर्गात महादेव कोळी असतील, ठाकर असतील, कातकरीही असतील. कोळ्यांची थोडीफार भातखाचरं असतात. कातकऱ्यांकडे बहुधा जमीनच नसते; दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. कातकरी पोर गप्प बसतं ते कित्येकदा तुम्हाला नव्हे, शेजारच्या मुलांना बिचकून. त्याला सगळ्यांदेखत उभं करून ‘बोल, घाबरू नको’ म्हणालात तर ते आणखीच मिटेल. भट्टीवरून परतल्यावर ‘इतके दिवस कुठं उलथला होतास’ हे तर चुकूनही नको. वही द्या, बसवा, चालू धड्यात सामील करून घ्या.

जिथं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, तिथून शिकवायला लागा. बाळहिरडाच घ्या, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, जी वाळवून औषधासाठी विकतात. ओला किती गोळा झाला, वाळल्यावर किती भरला, व्यापाऱ्यानं काय भाव लावला? अख्खी शेकडेवारी यात बसते, आणि इथं अडतात ते गुरुजी, मुलं नव्हेत. जून 2020च्या निसर्ग वादळात हिरड्याचं केवढं नुकसान झालं, हे विचारा. मग बघा कोण गप्प राहतं. मात्र उत्तर माहीत असूनही उगाच विचारताय, हे पोरांना लगेच कळतं.

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, मुलांना पानं गुंडाळून नाचवायची टूम निघेल. माझ्या मते ती मोडून काढा. त्यापेक्षा 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलेल्या, इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या महादेव कोळी राघोजी भांगऱ्यांबद्दल गावातल्या एखाद्या बाबांना वर्गात बोलवा, आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा.

पालकांचं म्हणाल तर गोड बोलण्यापेक्षा दाखल्याचं काम करा. जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. भट्ट्या फिरणाऱ्या माणसानं तो आणायचा कुठून? तहसीलला, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात सोबत जा. जमणार नसेल तर तिथंच नाही म्हणा. ‘बघतो’ म्हणून विसरणारे त्यांनी खूप पाहिलेत. आणि मुलांचे फोटो स्टेटसला टाकत असाल तर आजच बंद करा.

बदली होऊन जाणारे गुरुजीही त्यांनी पुष्कळ पाहिलेत, तेव्हा महिन्याभरात कौल मागू नका. भट्टीवर गेलेली पोरं परतली की कसं चाललंय ते कळवा.